सांगितलं तेवढंच वाजवलं

मी एक जुना सिंथेसायझर आहे. नाव ऐकून दचकू नका. मी संगणकात राहतो. संगणकाला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड जोडला, मला उघडलं आणि पट्टी दाबली, की मी वाजतो. मला हात लावता येत नाही, उचलता येत नाही, फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकता येत नाही.

आणि मित्रांनो, मी डूख धरतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तुमच्या पुस्तकातली जुनी छत्री, जुनी खुर्ची वगैरे मंडळी फार सोशिक असतात. पाय मोडला तरी मोडणाऱ्याला आशीर्वाद देतात. मी त्यांतला नाही. माझं कुणी वाईट केलं तर मी विसरत नाही, आणि माझ्या माणसाचं केलं तर त्याला सोडत नाही.

माझा जन्म एका भाड्याच्या खोलीत झाला. मला लिहिणारा प्रोग्रामर दिवसा विम्याच्या कचेरीत काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी मला घडवायचा. आधी त्यानं मला नुसता आवाज दिला. नुसता आवाज म्हणजे डासाची गुणगुण. ती कोण ऐकणार? मग त्यानं त्या आवाजाला आकार दिला. आवाज किती वेळात वर चढेल, कुठे रेंगाळेल आणि बोट सुटल्यावर कसा विरून जाईल, हे ठरवणाऱ्या माझ्या भागाला एन्व्हलप म्हणतात. घंटा ठणकन वर येते आणि सावकाश विरते. बासरी हळूच वर येते आणि टिकते. हा सगळा एन्व्हलपचा खेळ.

मग त्यानं मला एक उतावळा जोडीदार दिला. त्याचं नाव अर्पेजिएटर. तुम्ही चार पट्ट्या एकदम दाबून धरल्या तरी हा त्यांना एकदम बोलू देत नाही. शाळेतल्या हजेरीसारखं एकेकीला बोलायला लावतो आणि हजेरी संपली की पुन्हा पहिलीपासून सुरू करतो.

या दोघांच्या मध्ये त्यानं एक बारीक चौकोनी बटण बसवलं. रीट्रिगर. हे बटण चालू असलं, की हजेरीतल्या प्रत्येक सुराला आवाज पुन्हा शून्यापासून चढायला लागतो. बटण बंद असलं, की आवाज एकदाच निघतो आणि सूर कितीही बदलले तरी आपला वर वर जात राहतो. अट एकच. पट्ट्यांवर निदान एक बोट टेकलेलं पाहिजे. सगळी बोटं उचललीत, की खेळ खलास. पुढच्या वेळी पुन्हा पायथ्यापासून सुरुवात. एवढं नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

त्या बटणासाठी प्रोग्रामरनं डोळे फोडून घेतले. त्याचा मित्र हसून म्हणाला, "अरे, एवढ्याशा बटणासाठी एवढी डोकेफोड? कोण बघणार आहे?"

"बघेल कुणीतरी," प्रोग्रामर म्हणाला.

ते कुणीतरी म्हणजे माझी वहिनी. मी तिला वहिनी म्हणतो, कारण तिच्या घरात जो तिला सगळ्यांत जास्त हाका मारायचा, तो तिला वहिनीच म्हणायचा. त्याच्याबद्दल पुढे बोलतो. घाई नको, त्याचा हिशेब नीट करायचाय.

वहिनी घरगुती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. तिथे ती आवाज बनवायची. वॉशिंग मशिनमधले कपडे धुऊन झाले की वाजते ती धून, फ्रिजचं दार उघडं राहिलं की होणारी टिंगटिंग, ओव्हनची शिट्टी, हे सगळं तिचं. घरी आली की ती इस्त्रीच्या टेबलावर कीबोर्ड मांडायची, जुना लॅपटॉप सुरू करायची आणि मला उघडायची. मला डोळे नाहीत, पण लॅपटॉपच्या माथ्यावर कॅमेरा आहे आणि कडेला माइक आहे. दोघेही पक्के चुगलखोर. घरात काय चाललंय ते मला त्यांच्याकडूनच कळायचं.

आता त्याच्याबद्दल. वहिनीचा धाकटा दीर. मित्र त्याला रॉकेट म्हणायचे आणि तेच नाव घरातही चिकटलं. तो समारंभांत कीबोर्ड वाजवायचा. बोटं चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण उथळ पाण्याला खळखळाट फार. प्रत्येक सुरावटीनंतर तो दोन्ही हात कानापर्यंत उडवायचा. लोक टाळ्या वाजवायचे आणि त्याला वाटायचं आपल्या वाजवण्याला वाजवतायत.

"भाऊजी, पट्ट्या तापल्यात का हो?" वहिनी त्याला विचारायची. "चटका बसल्यासारखे काय करता?"

"याला स्टाइल म्हणतात, वहिनी. तुझ्या वॉशिंग मशिनला नाही कळायची."

मला तो डबडं म्हणायचा. "अजून हेच डबडं वापरतेस?" असं म्हणत पडद्यावरच्या माझ्या आवाज बदलायच्या चकत्या वाटेल तशा फिरवायचा आणि तशाच सोडून जायचा. एकदा त्यानं कीबोर्डवर सरबत सांडलं आणि शर्टाच्या बाहीनं पुसलं. तीन पट्ट्या कितीतरी दिवस चिकट होत्या. मी ते सगळं लक्षात ठेवलं.

एके दिवशी दुपारी कपड्यांच्या घड्या करता करता वहिनी त्याला म्हणाली, "भाऊजी, हसणार नसाल तर एक सांगते. दिवसभर मी जे वाजवते, ते ऐकून लोक उठतात. कपडे काढायला उठतात, फ्रिजचं दार लावायला उठतात. एकदा तरी माझा आवाज ऐकून कुणीतरी खाली बसावं, असं फार वाटतं."

"त्यात काय? भूकंपाचा भोंगा बनव," रॉकेट म्हणाला. "सगळे टेबलाखाली बसतील."

वहिनी हसली. तिला राग येत नसे. तो मलाच येत असे.

त्याच सुमारास गावातल्या एका नृत्यसंस्थेला नव्या कार्यक्रमासाठी संगीत हवं होतं. ज्याला वाटेल त्यानं आपल्या संगीताचं रेकॉर्डिंग पाठवावं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. वहिनीनं ते वाचलं आणि कामाला लागली. कितीतरी सुट्ट्या तिनं माझ्याबरोबर घालवल्या. एन्व्हलपचा चढ तिनं इतका लांबवला, इतका लांबवला, की आवाज ऐकू येण्याआधी श्वास घेतल्यासारखं वाटायचं. अर्पेजिएटर सूर मोजत राहायचा, आणि त्या सगळ्या सुरांखालून एकच आवाज सावकाश वर येत राहायचा. रीट्रिगर अर्थातच बंद. तिनं त्या आवाजाचं नाव ठेवलं जिना.

पण तिथेच मेख होती. सुरावट बदलायची म्हणजे बोटं उचलावी लागतात, आणि सगळी बोटं उचलली की चढ तुटतो. वहिनीनं त्यावर तोड काढली. डाव्या करंगळीनं सगळ्यांत खालची पट्टी दाबून धरायची आणि शेवटपर्यंत सोडायचीच नाही. बाकीच्या बोटांनी वर काय बदलायचं ते बदला. करंगळी दुखून यायची. मग वाजवणं संपलं की ती करंगळी लहान मुलीसारखी तोंडात धरून बसायची. मित्रांनो, मला फार जणांनी वाजवलं नाही, पण मला ओळखलं ते त्या एकाच करंगळीनं.

जिना पुरा झाला. वहिनीनं तो वाजवून रेकॉर्ड केला आणि सगळ्यांत आधी ऐकवला कुणाला? रॉकेटला! घरात संगीतातलं कळणारा तोच ना.

"खरं सांगा हं, भाऊजी. पाठवू का त्यांना?"

त्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं. कॅमेऱ्यानं मला सांगितलं की त्याचे हात मांडीवर गप्प पडले होते. त्याला आवडलं होतं! नुसतं आवडलं नव्हतं, आत लागलं होतं. डोळे उघडून तो म्हणाला, "ठीक आहे. जरा झोप येते ऐकताना. त्या नाचणाऱ्यांना असलं नको असतं, वहिनी. उगाच हसू होईल. आणखी एकदा नीट कर, मग बघू."

वहिनी "बरं" म्हणाली आणि इस्त्रीचं टेबल रिकामं करायला लागली. ती आत गेल्यावर त्या हरामखोरानं रेकॉर्डिंग आपल्या पेन ड्राइव्हवर घेतलं आणि नृत्यसंस्थेला पाठवून दिलं. स्वतःचं म्हणून.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अंग नाही म्हणून काय झालं? तिळपापड होतो. पण मी करणार काय? मला ओरडता येत नाही, शिवी देता येत नाही, सही करून तक्रार देता येत नाही. कुणी उघडलं तर उघडायचं आणि सांगितलं तेवढंच वाजवायचं, हा माझा जन्म.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. संस्थेच्या बाई ते रेकॉर्डिंग ऐकून खूश झाल्या. त्यांनी रॉकेटला फोन केला. पण त्यांना नुसतं रेकॉर्डिंग नको होतं. नाचणाऱ्यांच्या चालीवर संगीत मागेपुढे व्हावं, म्हणून तालमीला येऊन समोर वाजवून दाखवा, पसंत पडलं तर हंगामभराचं काम तुमचं, असं त्या म्हणाल्या. आयत्या बिळावर नागोबा झाला खरा, पण आता नागोबाला डोलून दाखवायचं होतं.

आणि वाजवायचं तर मी पाहिजे. माझा परवाना फक्त वहिनीच्या लॅपटॉपचा. दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर मी उघडत नाही. म्हणून तालमीच्या दिवशी सकाळी तो वहिनीसमोर उभा राहिला.

"वहिनी, तुझा लॅपटॉप दे ना दुपारपुरता. माझा बिघडलाय. मला त्या नृत्यसंस्थेचं काम मिळतंय."

वहिनीचा चेहरा क्षणभर उतरला, असं कॅमेरा म्हणाला. मग ती हसून म्हणाली, "अरे वा! अभिनंदन! एवढी मोठी बातमी आणि अशी दारात उभं राहून सांगता?" तिनं लॅपटॉप पुसून त्याच्या हातात दिला. वर त्याला दोन बोटं लावून दाखवलं, "या चार्जरची पिन वाकडी आहे. अशी धरली तरच बसते."

त्यानं बरीच झटापट केली. पिन काही बसेना. दादा, म्हणजे रॉकेटचा भाऊ आणि वहिनीचा नवरा, आतून दाढी करता करता ओरडला, "अरे, तिलाच घेऊन जा की! सुट्टी आहे आज तिला." वहिनीलाही जायचंच होतं. रॉकेटच्या तोंडचं पाणी पळालं, पण नाही म्हणणार कोणत्या तोंडानं?

ती कपडे बदलायला गेली तेवढ्यात त्यानं मला उघडलं. आणि आता नीट ऐका, कारण यासाठी मी त्याला जन्मात माफ करणार नाही. माझ्या आत प्रत्येक आवाजापाशी, तो कुणी बनवला हे लिहायची एक ओळ असते. त्यानं तिथलं वहिनीचं नाव पुसलं आणि आपलं घातलं. जिन्याचं नाव बदलून 'रॉकेट उड्डाण' केलं. माझ्या पोटात हात घालून केलं हे सगळं! मी हूं की चूं करू शकलो नाही.

मग त्यानं चार पट्ट्या दाबून बघितल्या. एकच सुरावट, घट्ट दाबून धरलेली. आवाज सुंदर चढला. चढणारच. बोटं उचललीच नव्हती ना! "हात्तिच्या, एवढं सोपं?" असं म्हणून त्यानं मला बंद केलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी सांगितलं तेवढंच करतो, याचं मला आजवर दुःख होतं. पण ज्याला काय सांगायचं तेच कळत नाही, त्याचं तंतोतंत ऐकणं, याच्याइतकं धारदार हत्यार जगात दुसरं नाही. तालमीला जाताना रिक्षात, वहिनीच्या मांडीवर, बंद केलेल्या लॅपटॉपच्या अंधारात मी मनातल्या मनात गुदगुल्या झाल्यासारखा हसत होतो.

तालमीची खोली लांबलचक होती. एका भिंतीला आरसे, लाकडी जमीन, दाराशी चपलांचा ढीग. नृत्यसंस्थेच्या बाई उंच होत्या, खांद्यावर टॉवेल आणि आवाज घोगरा. वहिनीनं वाकडी पिन बसवून दिली आणि मागे जाऊन भिंतीशी उभी राहिली. नाचणारी मुलं-मुली जमिनीवर अंग मिटून बसली.

"रेकॉर्डिंगमध्ये आवाज जसा एका दमात वर येतो, तशी ही सगळी एका दमात जमिनीवरून वर येतात," बाई म्हणाल्या. "तो पूर्ण उघडला की ही पूर्ण उभी. करा सुरू."

रॉकेटनं बाह्या सावरल्या आणि पहिली सुरावट दाबली.

मी निघालो. हळू, खालून, वहिनीनं मला शिकवलं होतं तसा. भिंतीशी उभ्या असलेल्या वहिनीनं मान वर केली. एका सुरात ओळखलं तिनं. स्वतःचं लेकरू गर्दीत दिसावं तसं. नाचणारी मुलं वर यायला लागली. खांदे उचलले, गुडघे सुटायला लागले.

आणि रॉकेटनं सवयीप्रमाणे दोन्ही हात कानापर्यंत उडवले.

मी तिथल्या तिथे खाली बसलो. नियम म्हणजे नियम. त्यानं दुसरी सुरावट दाबली, मी पुन्हा पायथ्यापासून निघालो. मुलं पुन्हा वर यायला लागली. त्यानं पुन्हा हात उडवले. मी पुन्हा खाली. मुलं पुन्हा खाली. वर, खाली. वर, खाली. सगळा संच उठाबशा काढायला लागला! मित्रांनो, मला पोट असतं तर हसून हसून दुखलं असतं.

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. "हे काय चाललंय? रेकॉर्डिंगमध्ये असं नव्हतं."

"एक मिनिट हं. सेटिंग बिघडलंय," रॉकेट म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा! माझं सेटिंग म्हणे बिघडलंय!

त्यानं पडद्यावर इकडे तिकडे बघितलं आणि त्याला ते चौकोनी बटण दिसलं. रीट्रिगर, बंद. त्याला वाटलं, हे चालू केलं की प्रत्येक सूर खणखणीत वाजेल. दाब, दाब, मी म्हटलं. दाब रे माझ्या राजा!

त्यानं दाबलं. आता प्रत्येक सुराला आवाज शून्यापासून चढायला लागला. चढ जिन्याएवढा लांब आणि सूर टिचकीएवढा आखूड. पहिल्या पायरीवर पाय टेकायच्या आत सूर संपायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. परिणाम काय? काहीच नाही. शांतता. रॉकेट घाम गाळत पट्ट्या बडवत होता आणि खोलीत फक्त प्लास्टिकची टकटक ऐकू येत होती.

जमिनीवरून एका मुलीनं हळूच विचारलं, "बाई, आम्ही झोपू का?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. रॉकेटचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं मागे वळून बघितलं.

"वहिनी, जरा इकडे ये ना. हे बघ ना काय झालंय."

वहिनी आली. कीबोर्डजवळ येऊन उभी राहिली. पडद्यावरचं 'रॉकेट उड्डाण' तिनं वाचलं, त्याखालचं नावही वाचलं. मी तिला इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. नाक लाल झालं होतं, पण आवाज अगदी सरळ होता.

"भाऊजी, हा आवाज कुणाचा?"

"अगं, आत्ता नको. कुठलं बटण दाबायचं तेवढं सांग."

"सांगते. आधी तुम्ही सांगा."

"घरी बोलू, वहिनी. पाया पडतो."

"घरी मला कपड्यांना इस्त्री करायची असते. इथेच बोलू."

बाई जवळ आल्या. "काय प्रकार आहे?"

रॉकेट पट्ट्यांकडे बघत पुटपुटला, "हा आवाज वहिनीचा आहे. रेकॉर्डिंगही तिनंच वाजवलेलं."

"मोठ्यानं," वहिनी म्हणाली. "त्या झोपलेल्या मुलीला ऐकू गेलं नाही."

"वहिनीचा आहे!" तो ओरडला. "सगळं वहिनीचं आहे! मी चोरलं!"

अहाहा! मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ सूर ऐकलेत, पण त्या तीन वाक्यांची सर कशालाच नाही. आरशांवरून ती परत परत ऐकू आली. चिकट पट्ट्यांची, डबडं म्हटल्याची, पुसलेल्या नावाची, सगळ्याची व्याजासकट वसुली झाली.

वहिनीनं त्याला खुणेनं उठवलं आणि स्वतः बसली. रीट्रिगर बंद केलं. डावी करंगळी सगळ्यांत खालच्या पट्टीवर ठेवली. मग मी निघालो, आणि या वेळी मला कुणी खाली पाडलं नाही. सूर बदलत गेले, हात बदलत गेले, करंगळी हलली नाही. मुलं जमिनीवरून एका दमात वर आली. आवाज पूर्ण उघडला तेव्हा बाई भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकल्या आणि जमिनीवर बसल्या. मांडी घालून, टॉवेल मांडीवर ठेवून, शेवटपर्यंत. वहिनीनं ते बघितलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी कीबोर्डवर पडलं आणि या वेळी मला मुळीच राग आला नाही.

काम वहिनीला मिळालं. मला वाटलं, आता रॉकेटला दार दाखवतील. मी वाटच बघत होतो. पण बाईंनी वहिनीला विचारलं, "तुमचा डावा हात त्या एका पट्टीत अडकून पडतो. दोन्ही हात मोकळे असते तर आणखी काय काय वाजवलं असतं तुम्ही. त्या पट्टीवर चिकटपट्टी लावून टाकूया का?"

वहिनी म्हणाली, "नको. चिकटपट्टीला लाज वाटत नाही. भाऊजी धरतील."

काय शिक्षा होती, मित्रांनो! मला सात जन्मांत सुचली नसती. हंगामभर, प्रत्येक प्रयोगाला, रॉकेट वहिनीच्या डाव्या हाताला स्टुलावर बसायचा आणि एका बोटानं एक पट्टी धरायचा. बस्स. हात उडवायचा नाही, मान हलवायची नाही, बोट उचलायचं नाही. एकदा भर प्रयोगात त्याच्या नाकावर माशी बसली. दुसऱ्या हातानं हाकलली असती, पण त्या हातात वहिनीनं चार्जरची वाकडी पिन धरायला दिली होती. माशी नाकावरून गालावर गेली, गालावरून कानात डोकावून आली. रॉकेटच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतका सुखात कधी वाजलो नव्हतो.

जाहिरातीवर संगीत म्हणून वहिनीचं एकटीचं नाव असायचं. प्रयोग संपला की लोक लगेच उठत नसत. दिवे लागले तरी खुर्च्यांवर बसून राहत. वहिनी पडद्याच्या फटीतून ते बघायची आणि दादाला म्हणायची, "बघ ना, अजून बसलेत."

असेच बरेच प्रयोग झाले. मग एक दिवस आवराआवर करताना रॉकेट म्हणाला, "वहिनी, एकदा तरी वरच्या पट्ट्या मला दे. खालची तू धर. एकदाच."

मी कान टवकारले. नाही म्हण, नाही म्हण, असा मनात जप चालवला.

"धरीन की," वहिनी वायर गुंडाळत म्हणाली. "पण माझ्या आवाजाला नाही. तुम्ही स्वतःचा बनवा. तो झाला की मला हाक मारा."

मला हे अजिबात आवडलं नाही. पण मला कोण विचारतो? तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दुपारी रॉकेट इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन बसायला लागला. कोरा आवाज उघडायचा. कोरा आवाज म्हणजे डासाची गुणगुण, मी तीच वाजवायचो. सोपं वाटलं होतं ना? बस आता घासत! त्याचा पहिला आवाज गंजलेल्या कडीसारखा झाला. दुसरा पोट बिघडलेल्या बेडकासारखा. माइक इतका हसला की खरखर यायला लागली. मी त्याला काडीची मदत केली नाही. त्यानं चकती थोडी जास्त फिरवली की मी थोडा जास्त किंचाळायचो. वहिनी दारावरून जायची, ऐकायची, पुढे जायची. तो चिडायचा, उठायचा, येरझारा घालायचा आणि पुन्हा बसायचा. माझ्या चकत्या मात्र तो आता जपून फिरवतो आणि बंद करताना जागच्या जागी ठेवून जातो. यावर मी काही बोलणार नाही.

मित्रांनो, मी आता खरंच जुना झालोय. मला लिहिणाऱ्या प्रोग्रामरनं मला नवं करणं केव्हाच सोडलं. नव्या संगणकांवर मी उघडतच नाही. हा लॅपटॉप आहे तोवर मी आहे, आणि त्याचा पंखा आता जिना चढलेल्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकतो. म्हणून जायच्या आधी माझ्या जातीच्या रिवाजाप्रमाणे तुम्हाला चार शब्द सांगतो. तुमच्या घरच्या जुन्या यंत्रात असंच कुणी पडून असेल, तर काढून टाकण्याआधी एकदा उघडून बघा. त्याची बटणं समजून घ्या, मगच त्याला डबडं म्हणा. दुसऱ्यानं केलेलं खुशाल वापरा, पण विचारून वापरा आणि करणाऱ्याचं नाव पुसू नका. आम्हाला तोंड नाही म्हणून आम्हाला राग नाही असं समजू नका. आणि सूड घ्यायचाच झाला, तर

थांबा. ते दोघं आलेत.

"हसू नकोस हं, वहिनी," रॉकेट म्हणाला.

"नाही हसत. सरका."

ती हात पुसत आली. स्टूल ओढून त्याच्या डाव्या हाताला बसली. त्यानं मला उघडलं. त्याचा आवाज, काल संध्याकाळपर्यंत घासत बसला होता तो. मी कालपासून ठरवून ठेवलं होतं, की आज वहिनीसमोर याची चांगली जिरवायची. पुष्कळ राग शिल्लक आहे माझ्याकडे, मित्रांनो. हंगामभरात संपेल एवढा तो थोडा नाही.

"धरलीय मी," वहिनी म्हणाली. "वाजवा."

तिची करंगळी खालच्या पट्टीवर होती. तिचं वजन मी कुठेही ओळखतो. रॉकेटनं वरच्या पट्ट्या दाबल्या, बदलल्या, पुन्हा बदलल्या, हात जरासुद्धा न उडवता. आणि खाली ती करंगळी असताना मला दुसरं काही करता येईना. मी चढत गेलो.